अबकैकचे जज्जसाहेब

सरखोत जज्जसाहेबांची आणि माझी ओळख झाली ती लोणच्याच्या बरणीपायी, आणि तीही भांडणातून.

सौदी अरेबियातल्या अबकैकला आमच्या इमारतीत बहुतेक बिऱ्हाडं आपल्याकडचीच होती. मी तिथल्या इस्पितळात भूल देणारी डॉक्टर, माझे यजमान तेलाच्या प्लँटवर इंजिनियर. लिंबं तिकडे भरपूर आणि ऊन तर काय, फुकटचं. म्हणून सोलापूरहून मांडीवर घेऊन आणलेली चिनीमातीची बरणी मी गच्चीवर उन्हात ठेवत असे. एक दिवस वर जाऊन बघते तर बरणीचे तुकडे आणि लोणच्यावर वाळू. वरच्या मजल्यावरच्या मल्याळी कुटुंबाची दोन मुलं दिवसभर गच्चीवर चेंडू बडवायची, तेव्हा हे काम कुणाचं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी जिन्यात उभी राहून हिंदीत तोंडाचा पट्टा सोडला.

तेवढ्यात वरून एक म्हातारे गृहस्थ उतरले. उंच, किडकिडीत, आणि जूनच्या त्या उकाड्यात अंगात काळा कोट. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा ते स्वच्छ मराठीत म्हणाले, "बाई, तुम्ही पाहिलंत, की तुम्हाला वाटलं?"

"पाहायचं काय त्यात? रोज खेळतात ती मुलं."

"म्हणजे वाटलं," ते म्हणाले. मग वर जाऊन त्यांनी त्या दोन्ही मुलांना बोलावलं, त्यांचं म्हणणं ऐकलं, गच्चीवर फेरी मारली आणि खाली येऊन मला सांगितलं की पाण्याच्या टाकीवरची फळी वाऱ्याने सुटून बरणीवर पडली आहे, फळीला अजून मसाला लागलेला आहे. मी मनातून चरफडले. त्या संध्याकाळी त्या मुलांच्या आईकडे शिऱ्याची वाटी घेऊन गेले हेही खरं.

हे गृहस्थ म्हणजे आमच्या शेजारच्या इक्बालचे वडील. दाभोळ खाडीच्या काठचे. मुन्सफ म्हणून लागले, महाराष्ट्रातले निम्मे तालुके पालथे घातले आणि जिल्हा न्यायाधीश होऊन निवृत्त झाले. बायको वारली तेव्हा इक्बालने त्यांना व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं आणि मग मुदत वाढवत ठेवलं. इक्बाल माझ्या यजमानांबरोबर प्लँटवर होता. बायको नसीमा आणि दोन लहान मुली. सगळी इमारत म्हाताऱ्यांना जज्जसाहेब म्हणू लागली, पाकिस्तानी वॉचमनसुद्धा.

जज्जसाहेबांना एक विलक्षण भूक होती. ती जेवणाची नव्हे, चहाची. चहा म्हणजे दुसऱ्याच्या घरचा चहा. कुणी नुसतं "या ना" म्हणायचा अवकाश, हे कोट चढवून हजर. बशीत ओतून, डोळे मिटून, चवीने प्यायचे आणि घरभर बघत बसायचे. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचंसुद्धा त्यांना कौतुक. मला आधी वाटलं, सून चहा देत नसेल. एकदा मी चेष्टेत तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई, नोकरीत असताना मी गावातल्या कुणाच्या घरचा चहा प्यायलो नाही. आज ज्याच्याकडे चहा प्यायचा, उद्या तो समोर कठड्यात उभा राहिला तर? लग्नं नाहीत, बारशी नाहीत, ईदेला शिरखुर्मा आमचा आम्हीच खायचा. आमची ही म्हणायची, तुम्ही जज्ज झालात आणि मी वाळीत पडले. इथे माझ्यापुढे कुणाचा खटला नाही. आता प्यायला हरकत नाही."

हे ते हसत सांगत होते, आणि मी नको तो विनोद केला म्हणून मान खाली घालून आलं किसत होते.

इक्बाल बापाच्या अगदी उलट. गोलमटोल, बडबड्या, घरात शिरला की आधी भांड्यांची झाकणं उघडून बघणारा. बापाच्या गोष्टी तो बापासमोरच रंगवून सांगायचा. त्यातली आंब्याची गोष्ट आमच्या इमारतीत सगळ्यांना पाठ होती. कुठल्याशा तालुक्याला असताना एका वकिलाने यांच्या दारात हापूसची पेटी ठेवून दिली. त्याचा खटला यांच्यापुढे चालू. संध्याकाळी साहेब कोर्टातून येऊन बघतात तर पेटी उघडलेली आणि सात वर्षांचा इक्बाल पायरीवर बसून कोय चोखतोय.

"मग काय," इक्बाल सांगायचा, "जेवायच्या आधी माझी केस उभी राहिली. आईची साक्ष झाली. मला विचारलं, तुझं म्हणणं काय? मी म्हटलं, आंबा गोड होता. मग बाबांनी माझा हात धरून बाजारात नेलं, तसल्याच आकाराचा हापूस शोधायला दुकानंच्या दुकानं पालथी घातली, तो पेटीत बसवला आणि पेटी माझ्या डोक्यावर देऊन वकिलाच्या दारात नेऊन ठेवायला लावली. तेव्हा ठरवलं, मोठा झालो की जिथे बाबांची बदली होणार नाही अशा ठिकाणी जायचं. म्हणून या वाळवंटात आलो!"

सगळे हसायचे. जज्जसाहेबही हसायचे, पण एकदा हसू ओसरल्यावर ते हळूच म्हणाले, "रात्रभर रडत होता. मी जागाच होतो." इक्बालने ते ऐकलं नाही, तो दुसऱ्यांदा बिर्याणी घेत होता.

ऑगस्टात इराकने कुवेत गिळलं आणि आमचं शांत गाव बघता बघता बदललं. रस्त्यावर वाळूच्या रंगाच्या लष्करी गाड्यांच्या रांगा लागल्या. लोकांनी पेट्या बांधल्या, बायकामुलांना मुंबईला धाडलं. आमचा येमेनी बेकरीवाला, ज्याच्याकडची गरम खबूस रोटी खाऊन आमची सकाळ व्हायची, तो एका आठवड्यात दुकानाला कुलूप लावून गेला. त्यांच्या सरकारने इराकची बाजू घेतली, म्हणून या लोकांचं इथलं राहणं खलास. इमारतीत चर्चा झाली ती आता खबूस कुठून आणायची याची. जज्जसाहेब तेवढे त्या बंद दुकानापुढे उभे राहून आले आणि मला म्हणाले, "त्याचं काय म्हणणं होतं ते कुणी ऐकून घेतलं का हो?" मी म्हटलं, साहेब, हे कोर्ट नाही. ते म्हणाले, "तेच तर."

इक्बालने त्यांना परत जायचा खूप आग्रह केला. विमानं चालू होती तोवर दर जुम्म्याला हा वाद व्हायचा. "मी जाऊन खाडीकडे बघत बसू आणि तुम्ही इथे?" म्हणून ते राहिले. मला विचाराल तर त्यांना आयुष्यात पहिल्यांदा शेजार मिळाला होता, तो त्यांना सोडवत नव्हता.

मग मास्क आले. विषारी वायूचा बॉम्ब पडला तर तोंडावर चढवायचे रबरी मास्क प्लँटवाल्यांनी वाटले, कामगाराला आणि इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, नावं असलेल्या त्याच्या कुटुंबाला. सरखोतांच्या घरी इक्बाल, नसीमा आणि मुली यांचे आले. जज्जसाहेब व्हिजिटवर, त्यांचं नाव कुठेच नाही, म्हणून त्यांना मास्क नाही. बाजारात दुप्पटचौपट देऊनही मिळेना.

आता खरं तर इक्बालने आपला मास्क बापाला देऊन टाकला असता आणि विषय संपला असता. पण समोर जज्जसाहेब होते. त्यांनी रीतसर निवाडा दिला, माझ्या समोर, आमच्याच कोचावर बसून: "मास्क ज्याच्या नावावर आला त्याच्याच गळ्यात राहील. प्लँटवर धोका जास्त, घरात कमी. मुली आणि त्यांची आई यांचा प्रश्नच नाही. मी तोंडाला ओला टॉवेल लावीन."

इक्बाल ऐकणारा नव्हता. कामावर जाताना तो मास्कची पिशवी बापाच्या उशीखाली सारायचा. बाप ती काढून जिन्यातून खाली जायचा आणि गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून यायचा. मग इक्बाल ती पुन्हा वर आणायचा. रोज सकाळी हा तमाशा आम्ही दारातून बघायचो आणि हसायचो. नसीमा कपाळाला हात लावायची. "ताई, एक आंबा काय खाल्ला, हा माणूस अजून सुटला नाही बघा," म्हणायची. शेवटी इक्बाल हरला. पिशवी गाडीतच राहू लागली.

जानेवारीत लढाई सुरू झाली. भोंगा वाजला की खिडक्यांना चिकटपट्ट्या लावलेल्या आतल्या खोलीत आम्ही दोन्ही बिऱ्हाडं जमायचो. मास्क घातलेल्या मुली आजोबांच्या मांडीवर, आणि आजोबा ओल्या टॉवेलातून त्यांना गोष्ट सांगतायत. त्यांच्या गोष्टीत राक्षस असला तरी त्याला बोलायची संधी मिळायची. धाकटी मास्कच्या आतून ओरडायची, "पण त्याने खाल्लं ना तिला?" आणि आजोबा म्हणायचे, "थांब गो, त्याला तरी बोलू दे."

त्या संध्याकाळी मी इस्पितळात होते. भोंगा वाजून गेला, आणि थोड्याच वेळात अपघाताची केस आली. स्ट्रेचरवर इक्बाल होता. आत काय काय तुटलं होतं ते बघून सर्जनने माझ्याकडे पाहिलं, आणि मला ते पाहणं कळलं. पण इक्बाल शुद्धीवर होता, बोलत होता. ऑपरेशनला न्यायच्या आतच तो गेला. त्याचा हात माझ्या हातात होता.

पाण्याच्या टँकरने त्याची गाडी उडवली होती. टँकर चालवत होता मुश्ताक, रायगडकडचा, चोवीस-पंचवीसचा पोरगा. दर जुम्म्याला सरखोतांकडेच जेवायचा, मुलींना पाठीवर घेऊन घोडा व्हायचा. त्यानेच इक्बालला गाडीतून ओढून काढलं, त्याच कपड्यांनी इस्पितळाच्या दाराशी बसून राहिला आणि पोलीस आले तेव्हा काही न बोलता त्यांच्याबरोबर गेला.

तिकडची पद्धत अशी: अपघातात माणूस दगावला की जिवंत राहिलेला ड्रायव्हर आधी आत जातो. मग गेलेल्या माणसाच्या वारसांनी काझीपुढे सांगायचं, आम्ही माफ केलं, किंवा आम्हाला दिया हवा. दिया म्हणजे जिवाची भरपाई. तोवर तो आत. मुश्ताकच्या घरी दिया देण्यासारखं काही नव्हतं, आणि त्याचा कफील, म्हणजे त्याला नोकरीवर ठेवणारा तिथला मालक, लढाईच्या धास्तीने जेद्दाला निघून गेलेला. म्हणजे माफीशिवाय त्याला वाट नव्हती, आणि माफी सगळ्या वारसांची लागते. नसीमा इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर न पडणारी, भिंतीला टेकून बसलेली. ती एकच बोलली, "माझ्या मुलींचा बाप मारून तो जुम्म्याला जेवायला येणार? मी माफ नाही करणार."

लोक जज्जसाहेबांकडे यायला लागले. मशिदीत मुलांना शिकवणारे मौलवी आले, मुश्ताकच्या गावचे चारजण आले. सगळ्यांचं म्हणणं एक: तुम्ही मोठे आहात, तुम्ही माफ केलंत तर सूनबाईही करेल. जज्जसाहेब कोटाची बटणं लावून ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "माफी अपराध्याला देतात. त्याने अपराध केलाय का ते मला अजून ठाऊक नाही."

लोकांना वाटलं, म्हातारा दुःखाने हट्टाला पेटलाय. मलाही क्षणभर तसंच वाटलं. एका बाजूला भोंगे वाजतायत, पोरगं गजाआड, आणि यांना चौकशी हवी.

ते मुश्ताकला भेटायला तुरुंगात गेले. माझे यजमान त्यांना घेऊन गेले होते, त्यांनी सांगितलं ते असं. मुश्ताक आधी नुसता रडत राहिला. जज्जसाहेब म्हणाले, "रडून झालं की सांग. काय झालं?" मुश्ताक म्हणाला, "साब, इक्बालभाईंनी एकदम गाडी फिरवली. माझ्यापुढे चालले होते, एकदम वळवून आडवी घातली. मी ब्रेक मारला, भरलेला टँकर, थांबंल काय?"

"हे पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"भाई तर बोलायला नाहीत. आता मी काय पण बोललो तरी लोक म्हणणार, मेलेल्यावर ढकलतोय. आणि मी त्यांच्या घरचं अन्न खाल्लंय साब."

दुसऱ्या दिवशी दुपारी जज्जसाहेब आमच्याकडे आले. मी सवयीने चहा ठेवला. कप पुढे केला तर त्यांनी तो हाताने बाजूला सारला. "आज नको, डॉक्टरीणबाई. आज तुम्ही साक्षीदार आहात."

मला हीच भीती होती. कारण इक्बाल जे बोलला होता ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, यजमानांनासुद्धा नाही. त्यानेच सांगू नका म्हटलं होतं.

"तुम्ही शेवटपर्यंत होतात. तो शुद्धीवर होता?"

"होता."

"तुम्हाला ओळखलं?"

"ताई म्हणाला."

"मॉर्फिन दिलंत?"

"दिलं. मीच दिलं. पण बोलून झाल्यावर."

"म्हणजे तो बोलला. आणि बोलला तेव्हा औषधाचा अंमल नव्हता."

"नव्हता."

"मग मला त्याचे शब्द सांगा. तुमचे नकोत, त्याचे."

त्यांचा आवाज इतका सरळ होता की मला राग आला. मेलेला मुलगा कुणाचा होता, माझा की यांचा? पण त्यांचे हात मी पाहिले. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले होते. मी म्हटलं, "साहेब, त्याने मला सांगू नका म्हणून सांगितलंय."

"कुणाला सांगू नका?"

"तुम्हाला."

ते म्हणाले, "एक माणूस तुरुंगात आहे, बाई."

मी सांगितलं. जसं ऐकलं होतं तसं. इक्बाल म्हणाला होता, "ताई, मुश्ताकचं काही चुकलं नाही. मीच गाडी वळवली. भोंगा वाजला, बाबांकडे मास्क नाही. बाबांना सांगू नका."

जज्जसाहेब म्हणाले, "पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "पुन्हा एकदा." तिसऱ्यांदा सांगताना माझ्या लक्षात आलं की आता ते काही तपासत नव्हते. त्यांना मुलाचं शेवटचं बोलणं ऐकायचं होतं, आणि ऐकवणारी या जगात मी एकटीच होते. मग मी न विचारता आणखी एकदा सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. उठताना त्यांना दाराची कडी सापडेना, मी उघडून दिली.

काझीपुढे जाण्याआधी त्यांनी नसीमाला सगळं सांगितलं. तिने मला बोलावून घेतलं होतं, म्हणून मी तिथे होते. ऐकता ऐकता ती सरळ बसली. इतके दिवस ती रडली नव्हती, तेव्हाही रडली नाही.

"म्हणजे तुमच्यासाठी वळला," ती म्हणाली.

"होय."

"तो मास्क घरात राहू दिला असतात तर?"

"तर तो आज असता, पोरी."

"आणि आता तुम्ही कचेरीत जाऊन सांगणार, माझ्या मुलाची चूक होती. सगळ्यांसमोर. तो नको म्हणाला तरी." तिचा आवाज फाटला. "बाबा, तो हयात असताना तुम्ही त्याचे जज्जच होतात. आता तरी बाप व्हा. एकदा तरी. गप्प बसा. मी सोडते त्या मुश्ताकला, माफ करते, बस्स? पण इक्बालचं नाव काढू नका."

मला वाटलं, सुटलो. माफी झाली, पोरगा सुटेल, मेलेल्याचा शब्दही राहील. मी आशेने जज्जसाहेबांकडे बघितलं. ते कितीतरी वेळ जमिनीकडे बघत राहिले. मी त्यांना इतका वेळ घेताना कधी पाहिलं नव्हतं.

मग ते म्हणाले, "तू माफ केलंस तर तो सुटेल. पण इक्बालला मारलं मुश्ताकने, हे कायमचं ठरेल. गावात त्याची आई आहे. त्याची उद्या मुलं होतील. त्याने काही केलेलं नाही, नसीमा. मला माहीत आहे. माहीत असून मी गप्प बसलो तर आयुष्यभर मी लोकांना काय सांगत आलो?"

"लोकांना, लोकांना," नसीमा म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलली नाही. ताट वेळेवर पुढे ठेवायची, कपडे धुवायची, औषधाची गोळी पाण्याशेजारी ठेवायची. पण शब्द नाही. आणि खरं सांगायचं तर कोण बरोबर, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही. नसीमाचं आठवलं की तिचं पटतं, जज्जसाहेबांचं आठवलं की त्यांचं.

काझीपुढे काय झालं ते दुभाषी म्हणून गेलेल्या मौलवींनी सांगितलं. काझी तरुण होता, जज्जसाहेबांच्या मुलाच्या वयाचा. हे हिंदमध्ये काझी होते असं कळल्यावर तो उठून उभा राहिला आणि त्याने शेजारी खुर्ची मांडायला सांगितली. जज्जसाहेब बसले नाहीत. मौलवींना म्हणाले, "त्यांना सांगा, आज मी पक्षकार आहे. पक्षकार कुठे उभा राहतो ते मला ठाऊक आहे." उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं: माझ्या मुलाने अचानक गाडी आडवी घातली. माझ्यासाठी घातली. या मुलाचा दोष नाही, मला त्याच्याकडून काही घ्यायचं नाही आणि माफही करायचं नाही, कारण माफ करण्यासारखं काही नाही.

काझीने मौलवींना दोनदा विचारलं, तू नीट भाषांतर केलंस ना? मग तो जज्जसाहेबांना म्हणाला, "शेख, तुम्हाला आणखी मुलं किती?" हे म्हणाले, "तो एकच." काझीने रुमाल डोळ्यांना लावला. आमचे जज्जसाहेब मात्र तसेच ताठ उभे होते, मौलवी म्हणाले. रस्त्याची पुन्हा चौकशी झाली आणि काही दिवसांनी मुश्ताक सुटला.

सुटल्यावर तो सरखोतांच्या दाराशी आला आणि उंबऱ्याबाहेरच बसला. नसीमाने दार लावून घेतलं. जज्जसाहेब बाहेर आले, त्याच्या शेजारी पायरीवर बसले. मुश्ताक रोज यायचा, पाण्याचे कॅन वर चढवून द्यायचा आणि जायचा.

लढाई संपली. कुवेतच्या तेलविहिरी जळत होत्या, वारा तिकडून आला की दिवसा दिवे लावायची पाळी यायची आणि दोरीवरचे कपडे काळे व्हायचे. लोक परत येऊ लागले, नवा बेकरीवाला आला. नसीमाची इद्दत सरली तेव्हा तिचा भाऊ तिला आणि मुलींना माहेरी न्यायला आला. जज्जसाहेब तिच्याबरोबर जाणार नव्हते, तिने विचारलंही नव्हतं. ती निघाली तेव्हा धाकटी आजोबांच्या कोटाला लोंबकळून बसली. नसीमाने तिची बोटं एकेक करून सोडवली आणि एकदाच, फार हळू, म्हणाली, "गोळ्या कपाटात ठेवल्यात." जज्जसाहेबांनी मान हलवली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी त्यांचं विमान होतं. जाण्याआधी त्यांना कबरस्तानात जायचं होतं. आम्ही त्यांना गाडीतून घेऊन गेलो, मुश्ताकही बरोबर होता. तिकडे बायका आत जात नाहीत, आणि आम्ही दोघं तर परधर्मी, म्हणून आम्ही गाडीतच थांबलो. तिथल्या कबरींवर नावं नसतात. वाळूचा उंचवटा आणि उशाशी एक दगड, बस्स. इक्बालनंतर बऱ्याच नव्या झाल्या होत्या. कोणती त्याची, ते जज्जसाहेबांना ओळखता येईना. मुश्ताकने राखणदाराला बोलावलं. राखणदाराने हाताने मोघम दाखवलं, यांपैकी कुठलीतरी. जज्जसाहेब दोन दगडांच्या मध्ये उभे राहिले, एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघत. मग त्यांनी मुश्ताकला बाहेर जायला सांगितलं आणि तिथेच मध्ये वाळूत बसले.

नवी रांग कुंपणाच्या बुटक्या भिंतीला लागूनच होती आणि आमच्या गाडीच्या काचा खाली होत्या. त्यांनी आधी हात पसरून दुवा मागितली. मग हात खाली घेतले आणि आपल्या कोकणातल्या बोलीत म्हणाले, "इक्बाल, मी सांगलंय रे. तू नको म्हणालास, तरी सांगलंय."

वारा होता, बाकी काही नाही. मुश्ताक गाडीला पाठ टेकून रडत होता.

"रागावलास काय रे बाळा?" त्यांनी विचारलं.

थोडा वेळ ते तसेच थांबले. मग कुशीवर झुकून, वाळूजवळ तोंड नेऊन, त्यांनी तेच पुन्हा विचारलं, या वेळी जरा मोठ्याने, आधीचं त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून.